सिंकवरची तोटी

नळाची तोटी विकत घ्यायला उकंडराव इंगोले घरून पाणी घेऊन जायचे.

खोटं नाही सांगत. पाच लिटरची कॅन, प्लॅस्टिकचं नरसाळं, हातभर रबरी नळी आणि एक छोटी बादली, एवढा संसार कापडी पिशवीत घालून ते हार्डवेअरच्या दुकानात शिरत. दुकानदारानं तोटी काढून दाखवली की तिच्या मागच्या तोंडाला नळी लावायची, नळीत नरसाळं खोचायचं आणि ते दुकानदाराच्याच हातात देऊन म्हणायचं, "धरा वर." तो बिचारा नरसाळं डोक्याइतकं उंच धरून उभा राही. उकंडराव त्यात कॅन ओतत, तोटी सोडत आणि कमरेत वाकून धार बघत. पाणी बादलीत पडलं की पुन्हा कॅनमध्ये. थेंब वाया जायचा नाही.

"काका, कंपनीचा माल हाय. एवढं कायले पाहून राह्यले?" आमच्या गावचे हार्डवेअरवाले सेठ एकदा वैतागून म्हणाले.

"कोरड्या तोटीची परीक्षा होत नसते, सेठ," उकंडराव शांतपणे म्हणाले. "पोरगी पाहाले जाता त तिले बोलाले लावता का नाही? मंग?"

उकंडराव आमच्या शेजारचे. मी गावच्या शाळेत मास्तरीण, लग्न होऊन या गल्लीत आले तेव्हापासून आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत. नळ हा त्यांचा जन्मभराचा विषय. कोणाच्याही लग्नाला गेले तरी जेवण कसं होतं हे त्यांना सांगता येत नसे. पण हात धुवायच्या जागी लावलेल्या चार तोट्यांपैकी कोणती टपकत होती ते वर्षभर आठवे. शर्टाच्या खिशात चष्म्याच्या घराशेजारी चार-पाच वायसर, म्हणजे तोटीत घालायच्या रबरी चकत्या, आणि पँटच्या मागच्या खिशात पाना. एकदा आम्ही गल्लीतले सगळे एका घरी भेटायला गेलो होतो. घरातले म्हातारे बाबा गेले होते. सगळे खाली माना घालून बसलेले. मधेच आतून टप्‌ टप्‌ असा आवाज आला. उकंडराव उठले, आत गेले, पाच मिनिटांनी बाहेर आले आणि पुन्हा तसंच दुःखी तोंड करून सतरंजीवर बसले. वायसर बदलून आले होते.

त्यांची एकुलती मुलगी मंदा. तिच्यासाठी दिग्रसचं स्थळ आलं तेव्हा उकंडराव मुलाकडे जाऊन आल्यावर पंचफुलाकाकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, विचारलं, "कसं हाय घर?"

"चांगलं हाय. तोटी फिरवून पाह्यली. वायसर ताजं हाय."

"पोरगा कसा हाय?"

"तेच त सांगून राह्यलो. घरात लक्ष देनारा हाय."

मंदा आजही त्या घरी सुखात आहे, हे इथं सांगायला हवं.

उकंडरावांना हे वेड लागायचं कारण त्यांची नोकरी. ते वॉलमन होते. ज्यांच्या गावाला चोवीस तास पाणी असतं त्यांना वॉलमन म्हणजे काय ते ठाऊक नसणार. जमिनीखालच्या पाइपाचा वॉल्व्ह उघडून कोणत्या गल्लीला किती वेळ पाणी द्यायचं, हे ज्याच्या हातात असतं तो वॉलमन. माणसाच्या छातीला लागेल एवढी लोखंडी चावी सायकलच्या दांड्याला बांधून उकंडराव पहाटेपासून गावभर फिरत. आमच्याकडे पाणी येत नाही, "नळ येतात." नळ आले की सगळी गल्ली भांडी घेऊन धावते. प्रत्येक गल्लीला पाऊण तास. उकंडराव मनगटावरच्या घड्याळात बघत आणि पाऊण तास झाला की चावी फिरवत. मग कोणाची बादली अर्धी राहो की कोणाच्या अंगाला साबण राहो.

आमची गल्ली टेकाडावर, पाइपाच्या अगदी शेपटाला. वॉल्व्ह उघडल्यावर पाणी वर चढायलाच अर्धा तास लागे. उरलेल्या वेळात दोन गुंड, म्हणजे पाण्याच्या कळशा, भरले तर नशीब. गल्लीतल्या बाया विनवून थकल्या. "उकंडभाऊ, दहा मिनिटं जास्त सोडा न बाप्पा. तुमच्याबी घरी येईन."

"तेच त," उकंडराव म्हणायचे. "माह्या घरी येते म्हनून नाही सोडत."

तेव्हा पंचफुलाकाकू कमरेवर पितळी गुंड घेऊन टेकाडाखालच्या हापशीवर जात. रोज पाच-सहा खेपा. वर येताना उभा चढ. "वॉलमनची बायको हापशीवर" ही आमच्या गल्लीत म्हणच झाली होती. मुख्याध्यापकाचा मुलगा नापास झाला तरी बाया तेच म्हणत आणि हसत. काकूही हसत. कमी बोलणारी बाई. नवऱ्याबद्दल तक्रार अशी मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नाही.

एकदाच ऐकली म्हणा. मंदाचं लग्न दारातच होतं आणि नेमका नळाचा दिवस आला. पंगत उठलेली, ताटांचा ढीग पडलेला, व्याही मंडळी हात धुवायला उभी. उकंडरावांनी घड्याळ बघितलं, नवी टोपी सारखी केली आणि सायकल काढली. मांडवातून वधूचा बाप पाणी बंद करायला गेला! बंद करून परत आला आणि व्याह्यांना सुपारी देत बसला. हळदीच्या हातांनी काकूंनी गुंड उचलला. मी दुसरा उचलला आणि त्यांच्याबरोबर निघाले. हापशीचा दांडा मारताना, माझ्याकडे न बघता, एवढंच म्हणाल्या, "घड्याळ चांगलं हाय त्याईचं."

नोकरीतून सुटल्यावर उकंडरावांनी पहिलं काम केलं ते स्वयंपाकघर बांधायचं. आधी होती ती पत्र्याची खोली, कोपऱ्यात मोरी. आता स्लॅब पडला, स्लॅबवर पाण्याची टाकी बसली, आत काळ्या दगडाचा ओटा झाला आणि ओट्यात चकचकीत स्टीलचं सिंक. सगळं झालं. सिंकवर भिंतीतून पाइपाचं तोंड बाहेर आलं होतं, त्याला तेवढी तोटी लावायची राहिली. म्हणून तिथं बूच मारलं. ते बूच पाच महिने तसंच होतं.

पाच महिने उकंडराव तोटी शोधत होते. गावातली दुकानं संपली. मग पिशवी घेऊन एसटीनं दिग्रस झालं, पुसद दोनदा झालं. गल्लीला चांगला विषय मिळाला.

"आज कुठं, काका?"

"पुसद."

"परवाची पसंत नाही पडली?"

"नाही जमलं," उकंडराव म्हणायचे आणि पिशवी सावरत चालू लागायचे. ऐकणाऱ्याला वाटावं, घरात मुलीचं लग्न जुळवायचं चाललं आहे.

सेठची तक्रार वेगळीच होती. दुकानात एवढी परीक्षा घेतात, पसंत करतात, घरी नेतात आणि दुसऱ्या दिवशी परत आणतात. "बाई, तुमीच सांगा, घरी नेऊन करते काय हा मानूस? बसवत त नाही. नवी कोरी वापस आनते. पन चकाकत्या तोटीवर हळदीचे बोटं असतात!"

मी हसले. मलाही काही कळलं नव्हतं.

मग एका सुटीच्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास पंचफुलाकाकू माझ्या स्वयंपाकघरात येऊन उभ्या राहिल्या. कमरेवर रिकामा गुंड.

"नळ आले का वो, बाई?"

त्या दिवशी नळाचा वार नव्हता. पण माझ्या टाकीत पाणी होतं. म्हटलं, "घ्या न, काकू." आणि मी पोळ्या लाटत राहिले. बराच वेळ आवाज आला नाही म्हणून मागे बघितलं. माझ्याकडे दांडी वर उचलायची तोटी आहे. काकू तिच्यासमोर उभ्या होत्या. त्यांनी तिला हात लावला, थोपटलं, दांडी इकडे-तिकडे हलवून पाहिली, मग वाकून तिच्याखाली बघितलं. शेवटी माझ्याकडे वळून कसनुशा हसल्या. "नाही आले अजून."

मी पुढं होऊन दांडी उचलली. धार पडली तशा त्या दचकून मागे सरकल्या.

तेवढ्यात उकंडराव धापा टाकत दारात आले. पायात चप्पल नव्हती. "गुडघ्याच्या गोळ्या चालू हायत तिच्या," ते घाईनं म्हणाले. "गुंगी येते." त्यांनी काकूंच्या हातातला गुंड घेतला, दुसऱ्या हातानं त्यांचा दंड धरला आणि त्यांना घरी नेलं. इतक्या वर्षांत त्यांनी बायकोचा हात धरलेला मी पहिल्यांदा बघत होते.

पुढच्या आठवड्यात मला कचेरीच्या कामानं यवतमाळला जायचं होतं. एसटीत चढले तर खिडकीशी उकंडराव, मांडीवर ती पिशवी. माझं काम लवकर आटोपलं आणि बाजारात ते पुन्हा भेटले. ते म्हणाले, "चला बाई, तुमीबी पाहा एखादी."

दुकान मोठं होतं. एका अख्ख्या भिंतीवर तोट्याच तोट्या. विकणारी मुलगी गोड बोलणारी होती, आणि नरसाळं धरायलाही तयार झाली. तिनं उंच मानेची दाखवली, ओढली की लांब होणारी दाखवली, दोन प्रकारच्या धारांची दाखवली. शेवटी म्हणाली, "काका, ही बघा. हिला हातच लावावा लागत नाही. हात खाली नेला की पाणी सुरू, काढला की बंद."

तिनं ती तोटी दुकानातल्या नळालाच जोडून ठेवली होती. उकंडरावांनी हात खाली नेला, काढला. पुन्हा नेला, पुन्हा काढला. "हे त माह्यापेक्षा कडक हाय," ते म्हणाले.

मुलगी हसली, मीही हसले. ते नाही हसले.

"पोरी, मले फिरवाची पायजे. जुन्यासारखी. पाहून कोनालेबी समजलं पायजे का हे तोटी हाय."

"काका, या सगळ्या तोट्याच आहेत."

"हे तुले मालूम हाय," उकंडराव म्हणाले आणि नरसाळं पिशवीत ठेवू लागले.

परतीच्या गाडीत दारव्हा मागे पडलं. मग उकंडराव खिडकीबाहेर बघतच बोलायला लागले.

"दोन वर्सं झाले, बाई. पयले भाजीत मीठ दोनदा टाके. मंग मंदाले इचारे का तू कोनाची. डॉक्टरले दाखवलं. तो म्हने, हे दुरुस्त नाही होनार. डोक्यातलं नवं पयले जाते, जुनं शेवटी जाते. मी घरी आलो न् चारी बाजूनं पाह्यलं. ओटा नवा, सिंक नवं, फरशी नवी. म्या तिच्यासाठी बांधलं न् तिच्या वळखीचं त्यात काईच नाही ठेवलं. म्हटलं, एक तोटी तरी तिच्या वळखीची पायजे. आपल्या हातानं पानी घेईन."

"म्हणून घरी नेता?"

"तिच्या हातात देतो. इचारतो, हे काय हाय? एकीले चमचा म्हने. ते उंच मानेची नेलती, तिले बगळा म्हने." त्यांच्या ओठांवर हसू आलं आणि गेलं. "तोटी कोनालेच नाही म्हनली."

"आम्हाला का नाही सांगितलं, काका? शेजारी कशाला असतो आम्ही?"

"गल्ली हासते, बाई. माह्यावर हासो. तीस वर्सं शिव्या खाल्ल्या, मले सवय हाय. तिच्यावर काहून हासू देऊ?" गाडी थांबली, माणसं चढली-उतरली. ती पुन्हा चालू लागल्यावर ते हळू आवाजात म्हणाले, "तिनं कधी म्हटलं नाही, का दहा मिनिटं जास्त सोडा. एकदाबी नाही. मांगितलं असतं त म्या देल्ले नसते. हे तिले मालूम व्हतं."

मी त्यांना काय सांगणार होते? तुम्ही बरोबर वागलात म्हणावं तर हापशीचा चढ मी त्यांच्या बायकोबरोबर चढले होते. चुकलात म्हणावं तर साऱ्या गावात एवढा एकच माणूस असा होता की ज्याच्या हातात चावी असून त्यानं ती कोणासाठी वाकडी फिरवली नाही.

तोटी शेवटी दिग्रसला मिळाली. कापूस बाजाराच्या मागे एक लहानसं दुकान आहे, मोटारपंपाचं सामान विकतं. शेतातल्या टाक्याला, गुरांच्या हौदाला लावतात तसली जाड पितळी तोटी, वर फिरवायचे कान. शोभेचा काही संबंध नाही. उकंडरावांनी या वेळी कॅन नेलीच नव्हती. तशीच खिशात घालून आणली आणि ओट्याशी बसलेल्या काकूंच्या हातात दिली. काकूंनी तिचे कान दोनदा मागे-पुढे फिरवले, तोंडात डोकावून बघितलं आणि म्हणाल्या, "वायसर गेलं याचं."

हे मला सांगायला ते धावत आले होते. मंदाला नोकरी लागली असती तरी त्यांच्या तोंडावर एवढा आनंद मी बघितला नसता.

रविवारी सकाळी त्यांनी स्वतःच ती बसवली. आट्यांना टेप गुंडाळून, पान्यानं आवळून. मला बघायला बोलावलं. त्या चकचकीत सिंकवर ती तोटी नव्या सोफ्यावर घोंगडी टाकल्यासारखी दिसत होती. उकंडरावांनी काकूंना हाताला धरून तिच्यासमोर उभं केलं आणि स्वतः एक पाऊल मागे सरले.

काकूंनी थोडा वेळ बघितलं. मग हात पुढे केला आणि कान फिरवले. जाड धार सिंकमध्ये पडली. मला वाटलं, आता हसतील. पण त्यांच्या चेहऱ्यावर एकदम घाई आली.

"गुंड आना! अवो भाऊ, पाह्यत काय राह्यले? गुंड आना लवकर, आता बंद करन तो!"

त्या उकंडरावांशीच बोलत होत्या.

"कोन बंद करन?" उकंडरावांनी विचारलं.

"वॉलमन. तुमी नवे दिसता गल्लीत. लय कडू मानूस हाय तो. घड्याळ पाह्यते न् बंद करते. कोनाच्या घरी लगन असो का मैत असो, एक मिनिट जास्त देत नाही."

मी भिंतीकडे बघत राहिले. मागून उकंडरावांचा आवाज आला, नेहमीसारखाच, जरासा खालचा.

"हो. कडूच हाय तो." मग म्हणाले, "पन आज नाही बंद करनार. म्या सांगतलं त्याले."

"आयकन तो तुमचं?"

"आयकलं."

काकूंचा विश्वास बसला नाही. त्या भरत सुटल्या. उकंडराव भांडी आणून देत होते आणि भरलेली उचलून खाली ठेवत होते. दोन गुंड झाले, बादली झाली, पातेली झाली, चहाचं भांडं झालं, शेवटी काकूंनी वाट्यासुद्धा भरल्या. उकंडरावांच्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या झाल्या होत्या. घरात भांडं उरलं नाही तेव्हा काकूंनी आपल्या हातानं तोटी घट्ट बंद केली आणि पदराला हात पुसले. धार अजून जिवंत असताना तोटी बंद करायची पाळी त्यांच्या आयुष्यात किती वेळा आली असेल कोणास ठाऊक. त्यांनी सगळ्या भरल्या भांड्यांवरून नजर फिरवली. आता चेहरा निवांत झाला होता.

मग त्यांचं लक्ष उकंडरावांच्या ओल्या बाह्यांकडे गेलं.

"लय मदत केली भाऊ तुमी. तुमच्या घरी भरलं का पानी?"

"नाही," ते म्हणाले.

"मंग? घरवाली वाट पाह्यत असन न तुमची!" काकूंनी दोन्ही हातांनी एक भरला गुंड उचलून त्यांच्यापुढं धरला. "हे घेऊन जा. हापशीवर नोका पाठवू तिले. लय चढ हाय तो."

उकंडरावांनी गुंड घेतला. बायांसारखा कमरेवर घ्यायची त्यांना सवय नव्हती. लहान मूल धरावं तसा छातीशी धरला आणि समोरच्या दारानं बाहेर पडले. मी त्यांच्या मागोमाग गेले. अंगणात येऊन ते थांबले. कुठं जाणार? त्यांचं घर तर तेच होतं. मागे वळून बघितलं तर काकू खिडकीतून बघत होत्या, आणि जा, जा, म्हणून हातानं खुणावत होत्या.

ते माझ्या फाटकातून आत आले. स्वयंपाकघरापर्यंत आले. गुंड माझ्या ओट्यावर ठेवला, पण त्याच्या काठावरचा हात काढला नाही.

"रिकामा करून द्या, बाई," ते म्हणाले. "भरलाच वापस नेला त तिले वाटन, याच्या घरी कोनी नाही."

मी माठाचं झाकण काढलं.